तिसरा आकडा का बघत नाहीत?

गेल्या हिवाळ्यात दादरच्या बाजूला एका तरणतलावावर शाळांच्या स्पर्धा होत्या. माझा भाचा पोहणार होता आणि टायमर कमी पडत होते, म्हणून एक स्टॉपवॉच माझ्याही हातात आलं. पाचव्या लेनला आम्ही तिघं होतो. ५० मीटर फ्रीस्टाइलची फायनल. मुलाचा हात भिंतीला लागला, तिघांनी बटणं दाबली आणि आकडे एकमेकांना दाखवले : ३१.४२, ३१.५८, ३१.३९. मुलगा एक, भिंत एक आणि वेळा तीन! नियमाप्रमाणे मधला आकडा धरला, ३१.४२. चौथ्या लेनच्या तीन घड्याळांतला मधला आकडाही नेमका ३१.४२ निघाला. पंचांनी दोघांना पहिला नंबर दिला.

थोड्या वेळाने चौथ्या लेनच्या मुलाचे वडील माझ्याकडे आले. भांडायला नव्हते आले, पण त्यांना पटत नव्हतं. ‘‘मॅडम, इथे ठीक आहे, तुम्ही हाताने वेळ घेता. पण ऑलिम्पिकमध्येसुद्धा दोघादोघांना गोल्ड देतात. एवढी मशिनं आहेत त्यांच्याकडे, मग दशांशचिन्हापुढचा तिसरा आकडा का बघत नाहीत?’’

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. इतका नेमका प्रश्न वर्गात वर्षातून एखाद्याच वेळी येतो. तिथल्या गोंगाटात मी त्यांना जेमतेम अर्धं उत्तर देऊ शकले. उरलेलं इथे देते.

आधी एका शतांशाची किंमत बघू. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या फायनलमध्ये कोल्हापूरचा वीरधवल खाडे २२.४७ सेकंदांत भिंतीला पोचला. ब्राँझ मिळालेल्या जपानी जलतरणपटूची वेळ होती २२.४६. वीरधवल चौथा. २२.४७ सेकंदांत ५० मीटर म्हणजे सेकंदाला साधारण २ मीटर २२ सेंटिमीटर. एका शतांशात तो सव्वादोन सेंटिमीटर जातो, म्हणजे बोटाच्या एका पेरापेक्षाही कमी. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषाचं ब्राँझ गेलं तेही एका शतांशाने, ५५.४१ विरुद्ध ५५.४२. बीडच्या अविनाश साबळेचं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतलं स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, सोनं पाच शतांशांनी हुकलं, तेही ३ हजार मीटर धावून. इतक्या बारीक फरकावर माणसाचं आयुष्य बदलत असेल, तर तो फरक खराच होता की मोजण्यातली चूक होती, हे विचारलंच पाहिजे.

हाताने घेतलेल्या वेळेत चूक असते हे सगळ्यांना माहीत असतं. ती चूक बहुतेक वेळा एकाच बाजूला झुकते, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. सुरुवातीचा आवाज अचानक येतो. तो कानात शिरून बोटापर्यंत पोचायला आपल्याला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो, म्हणून घड्याळ उशिरा सुरू होतं. शेवटी मात्र खेळाडू येताना दिसत असतो, आपण बोट तयार ठेवून बसलेलो असतो आणि बटण जवळजवळ वेळेवर दाबलं जातं. सुरुवातीचा उशीर हिशेबातून गळतो आणि वेळ खऱ्यापेक्षा कमी भरते. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये मिल्खा सिंग यांची ४०० मीटरची वेळ हातघड्याळाने ४५.६ आणि विजेच्या घड्याळाने ४५.७३ अशी नोंदली गेली, त्याचं कारण हेच. धावण्याच्या छोट्या शर्यतींचे विश्वविक्रम १९७७ पासून फक्त विजेच्या घड्याळावरच धरले जातात.

सुरुवातीची आणखी एक गंमत आवाजाची आहे. तलावातली एक लेन अडीच मीटर रुंद असते. पहिल्या लेनच्या मध्यापासून आठव्या लेनच्या मध्यापर्यंत साडेसतरा मीटर अंतर. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. पहिल्या लेनच्या कडेला उभं राहून कुणी शिट्टी मारली, तर आठव्या लेनच्या मुलाला ती पाच शतांश उशिरा ऐकू येईल. वीरधवलचं पदक एका शतांशाने गेलं आणि इथे नुसत्या हवेने पाच शतांश खाल्ले! म्हणून मोठ्या स्पर्धांत प्रत्येक ब्लॉकला, म्हणजे उडी मारायच्या ओट्याला, स्वतंत्र स्पीकर असतो. विजेचा संदेश सगळ्या स्पीकरांना जवळजवळ एकाच क्षणी पोचतो आणि आवाजाला हातभर अंतरच कापावं लागतं.

आता शेवटाकडे येऊ. आधी धावण्याचा शेवट, कारण पोहण्याचं उत्तर त्याच्याशी ताडून बघितलं की चटकन कळतं.

‘फोटो फिनिश’ म्हटलं की आपल्याला वाटतं, कॅमेऱ्याने बरोबर त्या क्षणी एक फोटो काढला. तसं नसतं. तो कॅमेरा आपल्या ओळखीचा फोटो काढतच नाही.

आपल्या कुठल्याही मोठ्या स्टेशनवर काही ना काही काम चालू असतं आणि प्लॅटफॉर्मच्या कडेने पत्रे ठोकलेले असतात. समजा दोन पत्र्यांमध्ये बोटभर फट आहे आणि तुम्ही पत्र्यांमागे, फटीला डोळा लावून उभे आहात. समोरून लोकल चालली आहे. तुम्हाला कधीच पूर्ण गाडी दिसत नाही. एका वेळी तिची एकच उभी चिंचोळी पट्टी दिसते : आता दाराचा दांडा, मग डब्याचा पत्रा, मग खिडकीचा गज, मग कुणाचा तरी खांदा. प्रत्येक पट्टी कापून आधीच्या पट्टीशेजारी चिकटवत जा. गाडी निघून गेल्यावर हातात जे येईल ते गाडीचं चित्र असेल. पण विचित्र चित्र. गाडी जोरात गेली तर थोड्याच पट्ट्या जमतील आणि ती आखूड दिसेल. रडतखडत गेली तर लांबलचक दिसेल. आणि नेमकी फटीसमोर थांबली तर? मग समोर आलेली तीच पट्टी पुन्हापुन्हा चिकटत राहील आणि एका गजाची आडवी, न संपणारी रेघ होईल.

अंतिम रेषेवरचा कॅमेरा ही अशी फट आहे. तो उंचावर, रेषेच्या अगदी सरळ रेषेत बसवतात. त्याला ती रेषा दिसते, तिच्या अलीकडचं-पलीकडचं काहीही दिसत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधला कॅमेरा अशा ४० हजार पट्ट्या एका सेकंदात टिपत होता. त्या शेजारी शेजारी लावल्या की निकालाचं चित्र तयार होतं. या चित्राची उभी बाजू नेहमीसारखी, खाली जमीन आणि वर डोकं. आडवी बाजू मात्र अंतर नव्हे, वेळ आहे. दोन धावपटू चित्रात शेजारी दिसतात, पण ते कधीच तसे शेजारी नव्हते. दोघंही त्याच एका रेषेवर होते, फक्त वेगवेगळ्या क्षणी.

एकदा हे डोक्यात बसलं की चित्रातल्या सगळ्या विक्षिप्त गोष्टींचा उलगडा होतो. पार्श्वभूमी सपाट पांढरी असते, कारण कुणी नसताना कॅमेऱ्याला फक्त पांढरी रेषा दिसते आणि तीच पसरत जाते. एखाद्याचा बूट होडीसारखा लांब दिसतो, कारण त्याचं पाऊल नेमकं रेषेवर टेकलं. टेकलेलं पाऊल क्षणभर स्थिर असतं, म्हणून थांबलेल्या लोकलसारखं ते ताणलं जातं. त्याच वेळी पुढे झेपावणारा हात अंगापेक्षाही जास्त वेगात असतो, म्हणून तो आक्रसून जातो. एकाच माणसाच्या शरीराचे भाग वेगवेगळ्या वेगाने जात असतात आणि ते सगळे वेग त्या चित्रात उमटतात. माझ्या मते खेळातल्या सगळ्या यंत्रांमध्ये हे सगळ्यात देखणं आहे. वर्गात मी हे चित्र पडद्यावर लावते आणि मुलांना विचारते, यात सगळ्यात सावकाश काय चाललं होतं? बुटाकडे बोट जायला वेळ लागतो, पण जातं.

पॅरिसमधल्या पुरुषांच्या १०० मीटरच्या फायनलमध्ये नोआ लाइल्स आणि किशेन थॉम्पसन दोघांचीही वेळ ९.७९ लागली. जगभर लोकांनी ते चित्र बघून तक्रार केली की थॉम्पसनचं पाऊल आधी पोचलेलं दिसतंय. पण पाऊल, हात, डोकं, मान यांना नियमात स्थान नाही. धड कधी पोचलं तेवढंच बघतात. धडाच्या पुढच्या कडेवरून उभी रेघ ओढली, खालच्या पट्टीवर वेळ वाचली : लाइल्स ९.७८४, थॉम्पसन ९.७८९. जाहीर करताना वेळ नेहमी वरच्या शतांशाला नेतात, म्हणून दोन्ही ९.७९ झाल्या. त्या वेगात पाच सहस्रांश म्हणजे पाच-साडेपाच सेंटिमीटर होतात. दोन पट्ट्यांमध्ये धावपटू पाव मिलिमीटरच्या आसपास सरकतो. तेव्हा धावण्यात तिसरा आकडा बघतात आणि तो बघण्यात अर्थ आहे.

मग पोहण्यात का नाही?

पोहण्याचा शेवट पाण्यात होतो. फेस, शिंतोडे, अर्धा हात पाण्याखाली. वरून फटीचा कॅमेरा लावून धड शोधणार कसं? रोमच्याच त्या ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलला ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन जवळजवळ एकदम पोचले. लार्सनच्या लेनच्या तीन घड्याळांनी ५५.०, ५५.१, ५५.१ दाखवलं आणि डेव्हिटच्या तिन्ही घड्याळांनी ५५.२. डोळ्यांनी बघणाऱ्या पंचांची मतं फाटली. सोनं डेव्हिटला मिळालं आणि निकालाशी जुळावी म्हणून लार्सनची वेळही ५५.२ लिहिली गेली. पोहणाऱ्याने स्वतःच घड्याळ थांबवावं, ही मागणी या प्रकारानंतर जोरात पुढे आली. १९६७ मध्ये विनिपेगला झालेल्या पॅन अमेरिकन स्पर्धेत भिंतीला टचपॅड लागले आणि पुढच्या वर्षी मेक्सिको ऑलिम्पिकमध्येही. सुमारे २.४ मीटर रुंद, ९० सेंटिमीटर उंच आणि सेंटिमीटरभर जाड अशी ही पाटी. लाटांचा दाब तिच्यावर सगळीकडे सारखा पसरतो, त्याने ती फसत नाही. बोटांचा एका जागी पडलेला जोर मात्र आतला संपर्क जोडतो आणि घड्याळ थांबतं. २००८ ला बीजिंगमध्ये १०० मीटर बटरफ्लायला सर्बियाचा मिलोराद चाविच हात लांबवून तरंगत आला आणि मायकल फेल्प्सने शेवटचा अर्धा हात मारून पाटी दाबली. फेल्प्स ५०.५८, चाविच ५०.५९. पाटीला अलगद स्पर्श पुरत नाही, दाबावं लागतं.

टचपॅडमागचं घड्याळ कितीही बारीक मोजू शकतं. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकपासून तर सेकंदाचा दशलक्षांश भाग ओळखणारी घड्याळं आली. जाहिरातीत हा आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि तो खराही आहे. पण घड्याळ बारीक आहे म्हणून मोजमाप बारीक होत नाही. साखळी सगळ्यात कच्च्या कडीइतकीच पक्की असते आणि इथली कच्ची कडी आहे भिंत.

धावण्यात आठ जणांना मिळून एकच रेषा असते. पोहण्यात आठ जणांना आठ भिंती असतात.

१९७२ चं म्यूनिक ऑलिम्पिक. ४०० मीटर वैयक्तिक मेडले, म्हणजे चार प्रकारांनी पाळीपाळीने पोहायची शर्यत. फलकावर स्वीडनचा गुन्नार लार्सन (रोमचा लार्सन वेगळा) आणि अमेरिकेचा टिम मॅकी, दोघांच्या नावापुढे ४:३१.९८. पंच तिसऱ्या आकड्याकडे गेले : लार्सन ४:३१.९८१, मॅकी ४:३१.९८३. सोनं लार्सनला. आता हिशेब करू. साडेचार मिनिटांत ४०० मीटर म्हणजे सेकंदाला साधारण दीड मीटर. दोन सहस्रांशात तीन मिलिमीटर. चारशे मीटरनंतरचा फरक फक्त तीन मिलिमीटर! आणि चारशे मीटर म्हणजे पन्नासच्या तलावात आठ खेपा. मॅकीची लेन लार्सनच्या लेनपेक्षा फक्त एक मिलिमीटरने लांब असेल, तर आठ खेपांत तो आठ मिलिमीटर जास्त पोहला. मग खरा वेगवान कोण? घड्याळ सांगू शकत नाही, कारण घड्याळाने भिंत मोजलेली नाही.

आणि भिंत एका मिलिमीटरइतकी नेमकी नसते. तलाव ५० मीटरपेक्षा लहान चालत नाही, पण थोडा मोठा चालतो. बरीच वर्षं नियमात ३ सेंटिमीटरपर्यंत सूट होती. गवंड्याच्या हाताने बसलेली टाइल, तिच्यामागचा सिमेंटचा थर, वर लटकवलेली पाटी, प्रत्येकाचा मिलिमीटर-दोन मिलिमीटर. शिवाय काँक्रीट उन्हाने फुगतं. तापमान १० अंशांनी वाढलं तर ५० मीटर काँक्रीट साधारण ५ मिलिमीटर वाढतं. वीरधवलच्या वेगाने ५ मिलिमीटर म्हणजे दोन सहस्रांशांहून जास्त. थंडीतल्या आणि उन्हाळ्यातल्या विक्रमांची तिसऱ्या आकड्यात तुलना करायची तर आधी भिंतीला थर्मामीटर लावावा लागेल.

म्यूनिकनंतर नियम बदलला. पोहण्यात शतांशाच्या पुढचा आकडा बघायचा नाही. शतांश सारखे तर नंबर सारखा. म्हणून सिडनीत २००० साली अँथनी अर्विन आणि गॅरी हॉल ज्युनिअर या दोघांना २१.९८ ला सोनं मिळालं, आणि रिओत २०१६ ला सिमोन मॅन्युएल आणि पेनी ओलेक्सिॲक या दोघींना ५२.७० ला. रिओतच १०० मीटर बटरफ्लायमध्ये जोसेफ स्कूलिंगच्या मागे फेल्प्स, चॅड ल क्लॉस आणि लास्लो चेह तिघंही ५१.१४ ला पोचले आणि तिघांना रौप्य मिळालं. लोकांना हा यंत्राचा कमीपणा वाटतो. मला तो खेळाच्या इतिहासातला सगळ्यात सचोटीचा नियम वाटतो. जे आपल्याला मोजता येत नाही त्यावरून कुणाला हरवायचं नाही, असं जगातल्या सगळ्या देशांनी मिळून लिहून ठेवलं आहे.

त्या वडिलांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली : मुलाला चौथी लेन मिळाली की तो जिंकतो, म्हणून दर वेळी चौथी मिळावी असं त्याच्या आईला वाटतं. ही समजूत मी बऱ्याच तलावांवर ऐकली आहे. आठ लेनच्या तलावात ज्याची आधीची वेळ सगळ्यात कमी, त्याला चौथी लेन द्यायची असा नियमच आहे. दुसऱ्याला पाचवी, तिसऱ्याला तिसरी, मग सहावी, दुसरी, सातवी, पहिली, आठवी. चौथ्या लेनमधून जास्त पदकं येतात, कारण वेगवान मुलगाच तिथे ठेवलेला असतो. लेनने त्याला वेगवान केलेलं नाही. अंकशास्त्राच्या नावाने आईवडिलांकडून पैसे घेणारी माणसं याच उलट्या कार्यकारणभावावर जगतात, आणि त्याचा भार शेवटी आठव्या लेनमध्ये उभ्या राहिलेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या मनावर पडतो.

आपल्याकडे सध्या या स्पर्धांची चर्चा जोरात आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन आपल्या बीकेसीत झालं, तिथेच २०२८ साठी क्रिकेट ऑलिम्पिकमध्ये आलं. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहे आणि २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी भारताने इरादापत्र दिलं आहे. चर्चा असते स्टेडियमची आणि पैशांची. मला त्यात एक वेगळी गोष्ट दिसते. १९५१ ची पहिली आशियाई स्पर्धा दिल्लीत झाली, तिथे मुंबईच्या लेव्ही पिंटोने १०० आणि २०० मीटर जिंकले. पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ च्या ऑगस्टमध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सोनं घेतलं. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याच देशात लार्सन आणि मॅकी यांची ती शर्यत झाली. दिल्लीचा मीटर, हायडेलबर्गचा मीटर आणि जकार्ताचा मीटर एकच आहे म्हणून या आकड्यांना अर्थ आहे. सेकंदही एकच. सीझियमच्या अणूची ९,१९,२६,३१,७७० स्पंदनं म्हणजे एक सेकंद, हे जगाने ठरवलं १९६७ मध्ये, ज्या वर्षी विनिपेगच्या भिंतीवर टचपॅड लागले. एकमेकांशी न बोलणारे देशसुद्धा हा सेकंद मानतात आणि त्यावर हरायला तयार होतात.

स्पर्धा संपल्यावर, गर्दी ओसरल्यावर, तलावाच्या देखभालीला असलेल्या काकांकडे पोलादी टेप होती. ती मी मागून घेतली. भाचा एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. चौथी आणि पाचवी, दोन्ही लेन आम्ही काठावरून काठापर्यंत तीन-तीनदा मोजल्या. पाचवी लेन चौथीपेक्षा सहा ते आठ मिलिमीटर जास्त भरली. भाचा लगेच म्हणाला, ‘‘म्हणजे पाचवीवाला जिंकला!’’ मी त्याला टेपच्या सुरुवातीला छापलेली बारीक अक्षरं वाचायला लावली : २० अंश सेल्सिअस, ५० न्यूटन. म्हणजे टेप २० अंशांवर आणि ठरावीक ताणावर खरी. त्या दुपारी काठावर ३२ अंश होते. पोलाद एका अंशाला मीटरमागे ०.०११५ मिलिमीटर वाढतं. १२ अंशांना ५० मीटरची टेप जवळजवळ ७ मिलिमीटर वाढलेली होती. दोन्ही लेनना टेप तीच होती, त्यामुळे लेनमधल्या फरकाला हे लागू नाही. पण त्यातली एक तरी लेन खरोखर ५० मीटरची आहे का, ते सांगता येऊ नये याला तेवढंच पुरेसं होतं. आणि ताण? ५० न्यूटन म्हणजे साधारण पाच किलो वजन लटकवल्याइतका. आम्ही किती ओढत होतो, कोण जाणे. भाच्याने टेप पुन्हा ताणली आणि विचारलं, ‘‘मावशी, आपल्याकडे काटा आहे का, भाजीवाल्याकडे असतो तसला?’’